‘म्हैस उड’ म्हटलं तरी बोट खाली: तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं थांबणं, बोलणं आणि वाचणं

पावसाळ्यात अंगणात जाता येत नाही, तेव्हा आमच्या बालवाडीत ‘चिमणी उड’ चालतं. सगळ्यांची बोटं जमिनीवर. चिमणी उड, बोट वर. कावळा उड, बोट वर. पोपट उड, बोट वर. मग जरा घाई करून मी म्हणते, ‘म्हैस उड!’ साडेतीन वर्षांच्या मुलांची बोटं झटकन वर जातात, वर ती आनंदानं ओरडतातही. आपण फसलो हे त्यांच्या गावीही नसतं. साडेचारची मुलं बोट अर्ध्यावर नेऊन मागे घेतात. साडेपाचचं एखादं मूल मात्र दुसऱ्या हातानं बोट दाबून धरतं आणि ओठांतल्या ओठांत म्हणतं, ‘म्हैस नाही उडत. म्हैस नाही उडत.’

हा लेख त्या पुटपुटण्याबद्दल आहे.

पालक माझ्याकडे दोन तक्रारी घेऊन येतात. ‘एक मिनिट एका जागी बसत नाही’ ही पहिली आणि ‘अजून अक्षर ओळखत नाही’ ही दुसरी. पहिलीवर उपाय म्हणून रागावणं आणि दुसरीवर गिरवणं, असं घरोघरी चालतं. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मला वाटतं की या तक्रारी दोन नाहीतच. ज्या मुलाकडे स्वतःला सांगायला शब्द नाहीत, त्याला थांबता येत नाही. आणि ज्याला क्षणभर थांबता येत नाही, त्याला गोष्ट शेवटपर्यंत ऐकता येत नाही, मग नवे शब्द यायचे कुठून? गाठ एकच आहे, त्यामुळे ती एकाच वेळी दोन्ही टोकांनी सोडवावी लागते.

पुटपुटणं येतं कुठून

अभ्यासक याला स्वनियमन म्हणतात. त्यात तीन गोष्टी येतात: मनात आलेली पहिली कृती रोखणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, आणि नियम बदलला की आपणही बदलणं. या तिन्हींचा कारभार मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे असतो आणि तो भाग पूर्ण पक्व व्हायला विशी उलटावी लागते. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाकडून किती अपेक्षा ठेवायची, याचं भान आपणच ठेवायचं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. घाबरून हाताची घडी घालून बसलेलं मूल स्वनियमन शिकलेलं नसतं. त्याला रोखणारी बाई त्याच्या मनाबाहेर आहे, ती वर्गाबाहेर गेली की दोन मिनिटांत कळतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की (1896–1934) यांनी या पुटपुटण्याकडे फार बारकाईनं पाहिलं. त्यांचं म्हणणं असं, की मोठी माणसं मुलाला जे शब्द सांगतात, तेच मूल आधी स्वतःला मोठ्यानं सांगतं, मग पुटपुटत सांगतं, आणि शेवटी ते शब्द आत जाऊन विचार होतात. चूल दाखवून आजी म्हणते, ‘हा! भाजेल!’ काही दिवसांनी तेच मूल चुलीपाशी जाऊन बोट नाचवत स्वतःलाच ‘हा! भाजेल!’ म्हणतं. आपण हसतो. खरं तर आजीचा आवाज तिथे मुलाच्या आत चाललेला असतो.

पुढच्या अभ्यासांनी याला दुजोरा दिला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 120 मुलांना दीड वर्षाची असल्यापासून चौथ्या वर्षापर्यंत पाहिलं गेलं. समोर भेटवस्तू आहे, पण आईचं काम संपेपर्यंत ती उघडायची नाही, असा प्रसंग. ज्यांची भाषा लवकर फुलली होती, ती मुलं चार वर्षांची होईतो कमी चिडायची. ती आईला शांतपणे विचारायची किंवा स्वतःचं मन दुसरीकडे रमवायची. उलट दिशेचा दुवा 2007 च्या एका अभ्यासात दिसतो. मेगन मॅक्लेलंड या अमेरिकन संशोधिकेनं आणि सहकाऱ्यांनी 310 मुलांना ‘डोक्याला हात लावा म्हटलं की पायाला लावायचा’ असा खेळ दिला. वर्षभरात ज्यांची या खेळात प्रगती झाली, त्यांची अक्षरांची, शब्दांची आणि गणिताचीही समज जास्त वाढली. म्हणजे आपलं ‘म्हैस उड’च, जरा वेगळ्या वेषात.

पायरी पहिली: आधी आपण शब्दाला जागायचं

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट आठवा. समोर घास उभा असूनही वाघ थांबतो, कारण ‘लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते’ या शब्दावर त्याचा विश्वास बसतो. म्हातारी भोपळ्यात बसून पसार होते. आपण टाळ्या वाजवतो. पण जंगलात पुढची म्हातारी आली, तर तो वाघ थांबेल का?

मुलांचंही तसंच असतं. समोर खाऊ ठेवून ‘आत्ता एक खा, नाहीतर थांब आणि दोन घे’ म्हणायचं, हा स्टॅनफर्डमधला वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग अनेकांना ऐकून माहीत असतो, आणि ‘जे थांबतात तेच आयुष्यात यशस्वी होतात’ असा त्याचा अर्थ सर्रास सांगितला जातो. 2018 साली 900 हून अधिक मुलांवर तो पुन्हा तपासला, तेव्हा हा संबंध निम्म्यावर आला. मुलांच्या घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तर तो अगदीच बारीक उरला. मला त्याहून मोलाचा वाटतो तो 2013 चा अमेरिकेतल्या रॉचेस्टरमधला प्रयोग. तिथे आधी मुलांना चांगले रंगखडू आणून देण्याचं कबूल केलं. काहींना ते दिले, काहींना ‘सापडले नाहीत’ म्हणून सांगितलं. मग खाऊची परीक्षा. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता, ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं होतं, ती 3 मिनिटं. मुलं तशीच, वय तेच.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत मुलाला काहीही शिकवू नका. फक्त स्वतःची भाषा सुधारा.

‘पाच मिनिटं थांब’ बंद. मुलाला पाच मिनिटं दिसत नाहीत, आणि आपली पाच मिनिटं पंचवीस होतात हे त्याला कळून चुकलेलं असतं. त्याऐवजी डोळ्यांना दिसणारी खूण द्या: ‘ही पोळी तव्यावरून उतरली की येते’, ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की’. कुकर हे मराठी घरातलं सर्वांत प्रामाणिक घड्याळ आहे. शिट्ट्या मोजताना मूल आकडेही शिकतं आणि थांबायलाही. आणि तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करून खरंच जा. भाजी करपेल अशी वेळ असेल, तर आधीच सहा शिट्ट्या सांगा.

‘रविवारी बागेत नेईन’ म्हटलं असेल, तर कालनिर्णयवर त्या रविवारी मुलाकडूनच झाड काढून घ्या. रोज रात्री त्यानं एक चौकोन खोडायचा. रविवारी पाऊस आला आणि जाता आलं नाही, तर ‘अरे, राहिलं’ म्हणून सोडून न देता दुसऱ्या चौकोनात झाड काढा आणि का ते सांगा. कारण कळलं, तर मूल बदललेला बेत पचवतं.

दिवसाचा क्रम शक्यतो तोच ठेवा. झोपही याच पायरीत येते: तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप आणि दिवसाला एका तासाहून जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून सांगते. झोप न झालेल्या मुलाला स्वनियमन शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पायरी दुसरी: रागाला नाव

मराठीत या बाबतीत आपण श्रीमंत आहोत आणि मुलांशी बोलताना मात्र कंजूष. ‘रडू नको’, ‘शहाणा ना तू’, एवढ्या दोन वाक्यांवर आपलं भागतं. रुसणं वेगळं, चिडणं वेगळं, हिरमुसणं वेगळं. खेळायला घेतलं नाही की मूल खट्टू होतं. सगळ्यांसमोर हसू झालं की ओशाळतं. नव्या वर्गात भांबावतं. पाहुणे आले की बुजतं. धाकट्या भावाला मांडीवर घेतलेलं पाहून त्याला हेवा वाटतो आणि ते फुरंगटून बसतं. यातला प्रत्येक शब्द मुलाच्या हातात दिलेलं एक हत्यार आहे, कारण ज्याला नाव नाही ते अंगातूनच बाहेर येतं: ढकलण्यातून, चावण्यातून, लोळण घेण्यातून.

पण वेळ पाहावी लागते. मूल जमिनीवर लोळत असताना व्याख्यान देऊ नका, तेव्हा कान बंद असतात. क्रम असा ठेवा.

आधी खाली बसा, डोळ्यांच्या पातळीवर. इजा होईल असं काही जवळ असेल तर हलवा. मग एकच छोटं वाक्य, आणि तेही हळू: ‘मनोरा पडला. राग आला.’ एवढंच. ‘पण’ नको, ‘मी तुला सांगितलं होतं ना’ तर मुळीच नको. जवळ घेतलेलं चालत असेल तर घ्या, नसेल तर नुसतं शेजारी बसा. ओसरायला जितका वेळ लागायचा तितका लागू द्या.

शब्दांचं खरं काम त्यानंतर असतं. अर्ध्या तासानं, पाणी पिऊन झाल्यावर, शक्यतो मांडीवर घेऊन, झालेलं गोष्टीसारखं सांगा: ‘एक मुलगा होता. त्यानं सात ठोकळ्यांचा मनोरा केला. ताईचा धक्का लागला. मनोरा पडला. मुलाला इतका राग आला की त्यानं काय केलं?’ मूल सांगतं. पहिल्यांदा लाजत, मग रंगवून. मग विचारा, ‘पुढच्या वेळी त्या मुलानं ताईला काय म्हणायचं?’ वाक्य मुलाकडूनच येऊ द्या, भले ते ‘माझा मनोरा नको पाडू!’ इतकंच असो. दोनदा म्हणून घ्या. सराव शांत वेळी झाला असेल, तरच ते वाक्य भांडणात आठवतं.

आमच्याकडे एक मुलगा होता, प्रत्येक गोष्टीला चावायचा. त्याच्या आईनं आणि मी मिळून त्याला एकच वाक्य दिलं: ‘मला दे, माझं झालं की तुला देतो.’ आधी तो हे वाक्य म्हणून मग चावायचा. होय, दोन्ही. तीन आठवडे दोन्ही चाललं. मग चावणं गळून पडलं.

आणखी एक. आपण स्वतः वैतागतो, तेव्हा ते मोठ्यानं बोला. ‘दूध उतू गेलं, मी वैतागले. थांब, आधी गॅस बंद करते, मग पुसते.’ विगोत्स्कींचं पुटपुटणं मुलांनी ऐकायचं कुणाकडून? आपणच आतल्या आत गिळत राहिलो, तर त्यांच्यापर्यंत पोचतं फक्त आपटलेलं भांडं.

पायरी तिसरी: थांबायचे खेळ

यासाठी काही विकत आणायची गरज नाही. रोज दहा मिनिटं, शक्यतो जेवणाआधी (पोट भरल्यावर मुलं सुस्तावतात), आणि एका खेळाला किमान आठवडा द्या.

‘चिमणी उड’पासून सुरुवात करा. पहिले दोन दिवस फक्त उडणारेच पक्षी. तिसऱ्या दिवशी एखादी म्हैस. मग मुलांनाच राज्य द्या, कारण फसवणारं नाव शोधायचं तर कोण उडतं, कोण नाही, याचा विचार करावाच लागतो, आणि शब्द आपोआप वाढतात. ‘कोंबडी उड’ यावर आमच्याकडे एकदा अर्धा तास वाद झाला. मी मध्ये पडले नाही. ‘थोडी उडते’, ‘भिंतीवर उडते, आभाळात नाही’, ‘आमची उडते’. इतकी वाक्यं मी प्रश्न विचारून काढू शकले नसते. शेवटी नियम उलटा करा: उडत नाही त्याच्यावर बोट वर. सहा वर्षांच्यांनाही घाम फुटतो.

‘शिवाजी म्हणतो’ हा त्याच जातीचा खेळ, पण त्यात कान जास्त लागतात, कारण वाक्याची सुरुवात ऐकल्याशिवाय हलायचं नाही. ‘स्टॅच्यू’ आणि विष-अमृत अंगणात. ज्या मुलाला बसून थांबता येत नाही, त्याला आधी पळता पळता थांबू द्या. ते सोपं असतं, आणि जिंकल्यासारखंही वाटतं. बाद करण्याचा नियम मात्र मी काढून टाकला आहे. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच पहिल्या फेरीत बाहेर बसतो, हे मला कधी पटलं नाही.

या सगळ्यांपेक्षा वरचढ खेळ म्हणजे भातुकली. झेड. व्ही. मॅन्युइलेन्को या रशियन संशोधिकेच्या 1948 च्या प्रयोगात मुलांना नुसतं ‘हलू नका’ सांगितलं तेव्हा ती लगेच चुळबुळली. पहारेकरी व्हा म्हटल्यावर चार-पाच वर्षांची मुलं कितीतरी जास्त वेळ ताठ उभी राहिली. भातुकलीत हेच घडतं. ‘बाळ’ झालेल्या मुलीला बोलायचा मोह आवरावा लागतो, कारण बाळ बोलत नाही. ‘डॉक्टर’ला पेशंट येईपर्यंत थांबावं लागतं.

मोठ्यांनी इथे दोनच कामं करायची. खेळाआधी विचारायचं: ‘तू कोण? तू कोण? आज काय होणार आहे?’ एवढ्यानंही खेळ लांबतो, कारण बेत ठरलेला असतो. आणि जवळ कागद-पेन्सिल ठेवायची. दवाखाना असेल तर औषधाची चिठ्ठी, हॉटेल असेल तर मेनू, दुकान असेल तर उधारीची वही. लिहिलेलं वाचता येत नाही? येऊ नये. ‘काय लिहिलंय ते वाचून दाखव’ म्हणा, मूल भरभरून वाचतं. मग बाजूला व्हा. मोठी माणसं भातुकलीत फार लुडबुडतात.

पायरी चौथी: गोष्ट तीच, पाच दिवस

रोज नवं पुस्तक लागतं हा पालकांचा गैरसमज आहे. मुलाला तीच गोष्ट हवी असते आणि त्याचंच बरोबर आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी 1988 मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना फक्त वाचण्याची रीत बदलायला सांगितली: कमी वाचा, जास्त विचारा, मुलाचं उत्तर थोडं वाढवून परत द्या. महिन्याभरात ती मुलं बोलण्याच्या चाचण्यांत कित्येक महिन्यांनी पुढे गेली.

चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. पुस्तक नसलं तरी चालतं. स्वनियमनासाठी याहून चांगली गोष्ट मला सापडलेली नाही, कारण तिच्यात एक जण सारखा ‘थांब’ म्हणतो आणि दुसरा पावसात थांबतो.

पहिल्या दिवशी नुसती सांगा, आवाज काढून, मधे न थांबता. दुसऱ्या दिवशी ‘चिऊताई चिऊताई’ म्हणून गप्प व्हा, पुढचं मुलं म्हणतील. तिसऱ्या दिवशी क्रम विचारा: आधी काय? न्हाऊ घालणं, मग? पावडर-तीट, मग? हा क्रम डोक्यात धरणं म्हणजेच लक्षात ठेवण्याचा व्यायाम. चौथ्या दिवशी उघडे प्रश्न: ‘चिमणीनं दार लगेच का उघडलं नाही?’, ‘तुला कधी दाराबाहेर थांबावं लागलं होतं?’ पाचव्या दिवशी नाटक. कावळ्याचं काम सगळ्यांत अधीर मुलाला द्या.

मूल म्हणालं ‘कावळा भिजला’, तर तुम्ही म्हणा, ‘हो, कावळा पार ओलाचिंब झाला, कुडकुडायला लागला.’ दुरुस्ती करायची नाही, फक्त वर थोडं घालायचं. आणि प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. आपल्याला ती शांतता सहन होत नाही, आपणच उत्तर देऊन टाकतो. थांबायचा धडा इथे आपला असतो.

ताटाभोवतीची काऊचा घास, चिऊचा घासवाली बडबड, अडगुलं-मडगुलं, आपडी-थापडी हे सगळं यात मोजा. आजी घरात असतील तर त्यांना मोबाइलपासून वाचवून या कामाला लावा.

पायरी पाचवी: झोक्याची यादी

आता लिहिणं. पण गिरवण्यापासून नाही.

आमच्याकडे झोका एक आणि मुलं तेवीस. रोज रडारड. मी रांग लावली, ओरडले, नंबर पाडले, काही उपयोग झाला नाही. मग झोक्याशेजारी खिळ्याला एक पाटी अडकवली. ज्याला झोका हवा, त्यानं पाटीवर आपली खूण करायची. वीस झोके झाले की उतरायचं, आपली खूण स्वतः पुसायची आणि खालच्याला हाक मारायची. पहिल्या आठवड्यात नुसत्या रेघोट्या होत्या आणि कुणाची रेघ कुठली यावर भांडणं. मग एकीनं फूल काढलं, एकानं गाडी. दोन गाड्या झाल्यावर पुन्हा भांडण, आणि त्यातून एकानं आपल्या नावाच्या चिठ्ठीवरून पहिलं अक्षर उतरवलं. महिन्याभरात निम्म्या पाटीवर अक्षरं होती. मी एकही शिकवलं नव्हतं.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. ढकलाढकली करणारी मुलं पाटीसमोर उभं राहून बोटानं मोजायला लागली: ‘माझ्या वर दोघं. मग मी.’ पुन्हा तेच पुटपुटणं. आपलं नाव लिहिलेलं आहे, ते कुणी पळवू शकत नाही, हे कळल्यावर थांबणं अर्ध्यानं सोपं होतं. रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर नाव चढलं की आपणही जरा निवांत होतो, तसंच.

घरी हे करायचं तर टीव्हीचा रिमोट, खिडकीची जागा, आजीच्या शेजारी झोपण्याचा वार, कशाचीही यादी चालते. एकुलतं मूल असेल तर यादीत आई-बाबांची नावंही हवीत, आणि त्यांनी आपली पाळी पाळायलाही हवी. मुलाचं नाव जाड पुठ्ठ्यावर ठळक लिहून त्याच्या हाती येईल अशा जागी ठेवा. वाण्याकडे जाताना यादी करताना ‘सा-ख-र’ असं म्हणत त्याच्यासमोर लिहा.

अक्षरांची घाई

अक्षरांआधी आवाज. नावं टाळ्यांत वाजवा: काव-ळा, दोन टाळ्या. बटाटा, तीन. इथे शिक्षकांची नेहमी एक चूक होते. ‘कमळ’ला मूल दोनच टाळ्या वाजवतं, क-मळ, आणि आपण ‘तीन अक्षरं आहेत, तीन वाजव’ म्हणून त्याला खोटं पाडतो. मूल कानानं बरोबर ऐकत असतं, लिहिताना तीन अक्षरं लागतात ही गोष्ट वेगळी. ती नंतर सांगता येते.

मग पहिल्या आवाजाचे खेळ: ‘मा’ची गाडी आली, तिच्यात कोण बसणार? मासा, माकड, मावशी. अंताक्षरी शेवटच्या आवाजावर चालते, म्हणून ती थोडी उशिरा.

अक्षरं दाखवायची वेळ आली की ग, म, भ, न हा जुना क्रम चांगला, कारण आकार एकातून दुसरा निघतो. ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत तक्ता पाठ करून घेण्यात काही हशील नाही. आणि वेलांटीची अडचण समजून घ्या. ‘किती’ वाचताना डोळ्याला वेलांटी आधी दिसते, तोंडानं मात्र ‘क’ आधी काढायचा. डोळ्यांनी आधी पाहिलेलं क्षणभर रोखून धरायचं, म्हणजे तीही एक म्हैसच की! सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला, तेव्हा अक्षरांचा पूर्ण संच हाती यायला तिसरी-चौथी उजाडते असं दिसलं. काना-मात्रा-जोडाक्षरांची आपली लिपीही त्याच घराण्यातली. तेव्हा मोठ्या गटातल्या मुलाकडून चौदाखडी घोटून घेणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. नवं शैक्षणिक धोरण 2020 सुद्धा तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानतं.

घरची बोली

स्वतःला सांगायचे शब्द मुलाच्या स्वतःच्या भाषेतले असावे लागतात. घरी अहिराणी, मालवणी, वारली, कोरकू, गोंडी बोलणारं मूल प्रमाण मराठीच्या वर्गात गप्प बसतं आणि बाई समजतात की ते शांत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. देशभरच्या सरकारी अंगणवाड्या 1975 नंतरच्या. मुलाच्या अंगणात जायचं, म्हणजे त्याच्या बोलीतही जायचं. निदान ‘थांब’, ‘माझी पाळी’, ‘मला राग आला’, ‘मदत कर’ ही चार वाक्यं त्याच्या बोलीत कशी म्हणतात, ते आईला विचारून भिंतीवर लिहून ठेवा आणि तीच वापरा.

इंग्रजी माध्यमात घातलेल्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या पालकांनाही हेच सांगेन. दोन भाषांमुळे मूल अडखळत नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात आणि रागावता येतं, तीच घरात बोला.

दाखवायला कधी न्यायचं

‘आमच्या घरात मुलगे उशिराच बोलतात’ हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. वर्षाचं होऊनही बडबड किंवा बोट दाखवणं नाही, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘दूदू दे’सारखी दोन शब्दांची जोडी नाही, हाकेला ओ देत नाही, किंवा आलेली भाषा कुठल्याही वयात मावळत चालली आहे, तर थांबू नका. पाच वर्षांनंतरही रोज स्वतःला किंवा इतरांना लागेल असे रागाचे झटके येत असतील, तरीही दाखवा.

सर्वांत आधी कानांची तपासणी. सर्दीनं कान भरलेलं मूल ‘ऐकत नाही’ म्हणून मार खाताना मी पाहिलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तपासणी मोफत असते. पुढे गरज पडली तर ते शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत ऐकण्या-बोलण्याच्या तपासण्या होतात.

जाताना एक वही न्या. दोन आठवडे रोज तीन ओळी लिहा: आज मूल कशासाठी किती वेळ थांबलं, राग आला तेव्हा काय केलं आणि काय म्हणालं, आणि कुठला नवा शब्द वापरला, अगदी त्याच्या उच्चारात. ‘बोलत नाही’ आणि ‘चिडतो’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. ‘मंगळवारी पाणी हवं होतं, माझा हात धरून माठाकडे नेलं, शब्द नाही’ यावरून पुष्कळ कळतं.